ओटीतला नारळ

तेरेखोलची फेरी
१४ मे २०२५

अत्ते,

फेरीबोटीची लोखंडी फळी आत्ताच वर ओढली. आमची गाडी मधोमध उभी आहे. पुढे मासळीचा टेम्पो, मागे दुचाक्या. श्रीरंग कठड्याला टेकून पाण्याकडे बघतो आहे. मी गाडीतच बसून मांडीवर कागद घेऊन लिहिते आहे, म्हणून अक्षर हलतं. टेम्पोतल्या बर्फाचं पाणी आमच्या चाकांखालून वाहतं आहे.

निघताना तुमच्याशी बोलता आलं नाही. तुमच्याशी मोठ्याने बोलावं लागतं, आणि अंगणात शेजारच्या दयानंदअण्णांच्या घरची सगळी माणसं उभी होती.

सकाळी तुम्ही स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलंत, मला पाटावर बसवलंत आणि माझी ओटी भरलीत. तांदूळ, हिरवा खण, नारळ. काही बोलला नाहीत. फक्त 'कुणाला सांगू नको' म्हणालात. आमच्या बेंगळुरूच्या घरी ओटी म्हणजे पाच अक्का, हसणं, फोटो. इतकी गप्प ओटी मी कधी पाहिली नव्हती.

गाडीत बसल्यावर मी श्रीरंगला विचारलं, "अत्तेंना सांगितलंस?" तो "हं" म्हणाला.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मला वाटलं होतं तुम्ही खूप काही विचाराल, रडाल. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही.

कारवार, संध्याकाळ

फेरी लगेच पलीकडे लागली, पत्र अर्धं राहिलं. गोव्यातून आम्ही कुठे न थांबता आलो. आम्ही भांडत नाही. काच खाली करू का, असं एकमेकांना विचारतो. मागच्या सीटखाली मासळीच्या दोन पिशव्या आहेत, त्यांची गोष्ट पुन्हा कधी.

एक जूनपासून श्रीरंग होसकोटेला राहील. कारखान्याजवळ खोली घेतली आहे. मी के. आर. पुरमच्या घरातच राहीन. पुढे सहा-सात महिने तरी जातील. हे तुम्हाला माहीत आहेच, पण माझ्याकडूनही कळायला हवं म्हणून लिहिलं.

भव्या


आचरा
२४ मे

चि. सौ. भव्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन नवा आहे. वाचून दाखवू का, असं हातवारे करून विचारत होता. म्हटलं, बाबा, कान गेलेत, डोळे नाहीत.

उपकार कसले मानतेस? आणि श्रीरंगने मला काहीही सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नव्हती. आल्या दिवशी तो चटई घेऊन पडवीत झोपायला गेला तेव्हाच मी ओळखलं. माझ्या वेळी त्याचे वडीलही पडवीत झोपायचे. तू ताटातला बांगडा बाजूला सारलास. खारातली कैरी मात्र बरणीत हात घालून खाल्लीस. येताना आंबोलीच्या घाटात गाडी थांबवून ओकलीस म्हणे. एवढ्यावर बाईला कळणार नाही तर कुणाला?

लग्नाला सहा वर्षं झाली. मी कधी विचारलं नाही, पुढेही विचारणार नव्हते. पण वाट बघत नव्हते असं नाही.

तुला गप्प ओटीचं नवल वाटलं. तिला चोर ओटी म्हणतात. पहिल्या महिन्यांत भरतात ती अशीच, दार लोटून, न बोलता. पोटात काही आहे हे तोंडाने म्हणायचं नाही. नजर लागते. तुमच्याकडे ही पद्धत नसेल. सहा-सात महिने म्हणजे मार्गशीर्ष. मीही तोच हिशेब केला होता.

होसकोटेची खोली मला आवडली नाही. अशा वेळी बायकोला एकटं ठेवून कुणी जातं का? मी त्याला तसं लिहिलं आहे. तू जड उचलू नकोस. पपई खाऊ नकोस. ओटीतला नारळ तू फोडायचा नाही, दिवस गेलेल्या बाईने नारळ फोडायचा नसतो. श्रीरंगला फोडायला सांग. काही गोडाचं कर आणि दोघांनीच खा. बाहेर कुणाला देऊ नकोस.

माझ्यासमोर मासळी तोंडाला लावली नाहीस आणि वाटेत दोन पिशव्या घेतल्यास! मी एकटीच हसले. वाटेचं सगळं लिही. त्या रस्त्याने मी वेंगुर्ल्यापलीकडे कधी गेले नाही.

तू मला तुमच्या कानडीत अत्ते म्हणतेस म्हणून वाडीतल्या बायका अजून चिडवतात, ही हिची सासू का आत्या? चिडवू देत.

तुझी सासू,
प्रेमा


के. आर. पुरम
५ जून

अत्ते,

तुम्ही वाटेचं विचारलंत.

कारवारला सकाळी लवकर निघालो. बंदराच्या भिंतीवर बायका जाळी पसरत होत्या. पावसाळ्याचे दोन महिने होड्या वर काढायच्या, त्याची तयारी. समुद्र उजव्या हाताला होता. तो मधेच दिसायचा, मग डोंगर आड यायचा, मग पुन्हा दिसायचा. डोंगर पोखरून रस्ता केला आहे. लाल माती उघडी पडली आहे.

अंकोल्याला रस्त्याच्या कडेने बायका आंबे घेऊन बसल्या होत्या. गळ्यात मण्यांच्या माळा, छातीपर्यंत. त्यांच्याकडचा आंबा म्हणजे ईशाड. साल पातळ, रस पुष्कळ, गोड इतका की दात शिवशिवतात. मी भाव करायला लागले तर ती बाई कानडीत म्हणाली, "खाऊन बघ आधी, मग भांड." श्रीरंगने बाठा चोखून रस्त्याकडेला टाकला आणि हापूसचं नाव काढलं नाही. पहिल्यांदाच.

फेरीपर्यंत तो लोकांशी बोलत होता आणि मी गप्प होते. कारवारपासून मी बोलायला लागले आणि तो गप्प झाला. हे मला आंब्याच्या ढिगापाशी लक्षात आलं.

कुमट्याच्या अलीकडे ओहोटी होती. खाडीत कमरेइतक्या पाण्यात माणसं उभी, पायाने शिंपल्या चाचपत होती. सापडली की बुडी मारायची, वर येऊन ती तरंगत्या भांड्यात टाकायची. भांडं कमरेला दोरीने बांधलेलं. आम्ही बराच वेळ बघत बसलो. श्रीरंग म्हणाला, "आमच्या खाडीतही असंच." मग गाडी सुरू केली.

होनावरच्या अलीकडच्या पुलावर वारा एवढा होता की गाडी बाजूला ढकलली जात होती. होनावरला आम्ही डावीकडे वळलो. पुन्हा समुद्र दिसला नाही. पुढे सुपारीच्या बागा. झाडं सरळ, उंच, खाली सावली आणि पाण्याचे पाट. खारा वास कुठे संपला ते लक्ष देऊनही मला कळलं नाही.

मासळी कारवारला लॉजच्या बाईला दिली.

मी बरी आहे. जड उचलत नाही. नारळ देवापुढे ठेवला आहे. श्रीरंगला सवड झाली की बघू.

भव्या


आचरा
१६ जून

चि. सौ. भव्या हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मी गाडीत मागे बसले होते असं वाटलं. ती शिंपल्यांची माणसं डोळ्यांसमोरून जात नाहीत. पण स्वतःबद्दल तू चारच ओळी लिहिल्यास. त्यातही नारळ अजून तसाच. बायकोच्या घरी येऊन एक नारळ फोडायला याला सवड नाही?

दयानंदच्या फोनवर त्याचा फोन आला होता. मला ऐकू येत नाही म्हणून दयानंद मध्ये. मी म्हटलं, विचार त्याला, भव्या बरी आहे का. दयानंद ऐकतो आणि माझ्या कानाशी ओरडतो, "काकी, हं म्हणता." म्हटलं, विचार, रोज घरी जातोस का. "हं म्हणता." दयानंद वैतागला. म्हणाला, "ह्येका फोन कित्याक व्होयो? हं म्हणूक?"

मी कुणाला काही बोलले नाही. दयानंदच्या बायकोने तरी ओळखलंच. ती मला दुपटं शिवताना बघून गेली. श्रीरंगच्या बापाचं जुनं धोतर आतून लावलं आहे, वरून माझं फिकट निळं पातळ. दुपट्याला नवं कापड घ्यायचं नसतं. पुष्कळ धुतलेलं असलं की अंगाला लागत नाही. कडेने टाके घालायचे राहिले आहेत.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. श्रीरंगच्या आधी माझी दोन गेली. दोन्ही वेळा मी आनंदाने सगळीकडे सांगत सुटले होते. म्हणून मी नजर नजर करते. तू हसत असशील तर हस.

बागेत आता काम नाही. आंबा संपला, साफसफाई दयानंद बघेल. मी येते. कुडाळहून दहा जुलैच्या गाडीचं तिकीट काढून आणलं आहे त्याने. श्रीरंगला होसकोटेला राहायचं तर राहू दे. तुझ्याजवळ मी राहीन. तुझ्या आईला वाईट वाटणार नाही ना? पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मला कळतं. तोपर्यंतच राहीन.

कैरीचा खार आणते आहे. बरणी मांडीवर घेऊन बसेन.

तुझी सासू,
प्रेमा


के. आर. पुरम
२३ जून

अत्ते,

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. दहा तारखेच्या आत पोचायला हवं.

मला दिवस गेलेले नाहीत.

श्रीरंग आणि मी वेगळे होत आहोत. त्याला व्हायचं आहे. मला नको आहे. जानेवारीत टिन फॅक्टरीच्या चौकात गाडी अडकली होती, तिथे त्याने सांगितलं. दुसरं कुणी नाही, मी विचारलं. म्हणाला, संध्याकाळी घरी यावंसं वाटत नाही, गाडीत बसून राहावंसं वाटतं. मागून बसवाला हॉर्न वाजवत होता. श्रीरंगने गाडी पुढे घेतली आणि आम्ही घरी आलो. मी भात लावला.

सहा-सात महिने मी लिहिलं ते कोर्टाचे.

तुम्हाला दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं. मीच म्हटलं होतं, फोनवर नको, गाडीने जाऊ, समोर बसून सांगू. घाटात ओकले ती त्या भीतीने. बांगडा गिळला जात नव्हता. कैरी जात होती. श्रीरंग पडवीत झोपला कारण इथेही तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. सांगायचं तो रोज पुढे ढकलत गेला. मग शेवटच्या सकाळी तुम्ही ओटी भरलीत. मला वाटलं, त्याने तुम्हाला रात्री सांगितलं, आणि ही निरोपाची ओटी आहे. सून घरातून जाते म्हणून. 'कुणाला सांगू नको' म्हणजे गावात बोभाटा नको. श्रीरंग "हं" म्हणाला, आणि मी आणखी काही विचारलं नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला कळलं. मी ते आईला दाखवलं. ती कानडीत म्हणाली, "बरं, आजच लिही. उद्या लिहिता यायचं नाही." मी अंकोल्याचे आंबे लिहिले. ते सगळं खरं होतं. मला अजून एक पत्रभर तुमची सून राहायचं होतं. त्यात तुम्ही दुपटं शिवायला घेतलंत.

दोन पिशव्यांची गोष्ट अशी.

शिरोड्याच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते. दोन्हीकडून दोरीला माणसं लागलेली, म्हातारी, बायका, शाळकरी मुलं. श्रीरंगने गाडी थांबवली, चपला काढल्या आणि दोरी धरली. मग मला हाक मारली. त्याच्या मागे मी. वाळूत पाय रुतवायचे आणि मागे मागे जायचं. तळहात सोलले. जाळं वर आलं तेव्हा तो माझ्याकडे वळून हसला. पूर्वी हसायचा तसा. मला वाटलं, झालं, आता हा काही म्हणणार नाही, आम्ही सरळ घरी जाऊ.

दोरीला हात लावला त्याला वाटा, अशी तिथली रीत आहे. तुम्हाला माहीत असेल. एक म्हातारा पेडवे मासे वाटत होता. आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "एकाच घरातली मां तुमी? मगे एकाच पिशयेत घालतंय."

श्रीरंग म्हणाला, "नको. येगळे घाला."

म्हातारा हसला. "घोवाबायलेचो येगळो वाटो? झगाडलास काय रे?"

आजूबाजूचे हसले. मला सगळं समजलं नव्हतं, मीही हसले. 'येगळे' समजलं. म्हाताऱ्याने दोन पिशव्या भरल्या, अगदी सारख्या. माझ्या पिशवीत एक खेकडा जास्तीचा टाकला.

कारवारला लॉजच्या बाईला मी माझी पिशवी दिली. श्रीरंगने त्याची दिली. तिने दोन्ही एकाच टोपलीत ओतल्या.

फोन केला असता तर हे सगळं दयानंदअण्णांना तुमच्या कानात ओरडावं लागलं असतं.

नारळ तसाच आहे. तो बाळासाठी होता. मी तो ठेवून घेऊ शकत नाही. परत करायची काय पद्धत असते ते मला माहीत नाही. सांगा.

भव्या


आचरा
४ जुलै

चि. भव्या,

पत्र मिळालं. वेळेत मिळालं.

दयानंदला श्रीरंगला फोन लावायला सांगितलं. म्हटलं, एवढंच विचार, भव्याने लिहिलंय ते खरं का. काय लिहिलंय ते दयानंदने मला विचारलं नाही. फोन कानाला लावला. मग ओरडला नाही. नुसती होकाराची मान हलवली.

हा लहानपणापासून असाच. शाळेत गेला होतास का? हं. आणि शर्टाला बागेतल्या आंब्याचा चीक लागलेला असायचा. त्याच्या हं-ला काही अर्थ नसतो हे मला माहीत होतं. तुला ते मी सांगायला हवं होतं, लग्न झालं तेव्हाच.

ओटीच्या वेळी बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही. एक शब्द विचारला असता तर तू पाटावरच सांगितलं असतंस. तिथे मी तुला जवळ तरी घेतलं असतं.

दुपट्याचे टाके घालून झाले. ट्रंकेत ठेवलं आहे. दयानंदच्या बायकोने हल्ली विचारणं बंद केलं आहे. तिला काय वाटलं ते मला कळतं. तसंच वाटू दे.

तिकीट परत केलं. तुला भेटावं असं फार आहे. पण येऊन उतरू कुणाकडे? त्याच्याकडे उतरले तर तुझ्याकडे कुठल्या तोंडाने येऊ? तुझ्याकडे उतरले तर तो म्हणेल, आईसुद्धा गेली. माझ्याजवळ तो एकच आहे. तू हे समजून घेशील म्हणून लिहिते.

नारळाचं विचारलंस. ओटी परत घेत नाहीत. मी कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही. पदर तुझा होता, त्यात पडलं ते तुझं. श्रीरंगची वाट बघू नकोस. तूच फोड. मी मनाई लिहिली होती ती दिवस गेलेल्या बाईला असते. तुला नाही. नासका निघाला तर टाकून दे. त्यात काही नसतं. झाडावरून पडताना मार लागलेला असतो, एवढंच.

पुढच्या मे महिन्यात आंबे पाठवीन. दोन पेट्या करीन, वेगळ्या. तू त्याच घरात राहणार असशील तर तसं कळव.

अत्ते


के. आर. पुरम
१२ जुलै

अत्ते,

तुमचं पत्र काल संध्याकाळी मिळालं. आज सकाळी नारळ फोडला, जिन्याच्या पायरीवर. पाणी आटलं होतं. खोबरं चांगलं होतं. चटणी केली, डब्यात भरली आणि ऑफिसला गेले.

पत्ता तोच आहे.

भव्या